'हुज्जत' आणि हज यांचे नाते

प्रश्न असा आला आहे: इस्लामविषयीच्या संशयवादी आणि टीकात्मक पाश्चात्त्य संशोधनाला मुस्लिम अभ्यासक जी उत्तरे देतात, त्यांना 'हुज्जत' म्हणावे, 'खंडन' म्हणावे की 'प्रत्युत्तर'? 'मुस्लिम विद्वान यावर हुज्जत घालत आले आहेत' हे वाक्य प्रश्नकर्त्यांनी एका व्याख्यानात ऐकले आणि त्यांना ते खटकले. मलाही ते खटकते, कारण गेली काही वर्षे मी ते सतत ऐकतो आहे. भाजीवाल्याशी किंवा रिक्षावाल्याशी घातली जाणारी हुज्जत सर्वांच्या परिचयाची असल्यामुळे ती बाजूला ठेवून मी थेट मुळाकडे जातो.

मूळ अरबी शब्द 'हुज्जा' असून तो फारसीच्या वाटेने 'हुज्जत' होऊन आपल्याकडे आला. त्याचा अर्थ प्रमाण, समोरच्याला मान्य करावा लागेल असा पुरावा. कुराणाच्या सहाव्या सूरेतील 149 व्या आयतीत निर्णायक प्रमाण अल्लाहचेच आहे असे सांगताना हाच शब्द येतो. त्याचा धातू ह-ज-ज, आणि 'हज' हा शब्दही याच धातूपासून झाला आहे. एखाद्या स्थळाकडे हेतू धरून निघणे हा त्या धातूचा भाव आहे. जुने अरबी कोशकार अझहरी यांनी हुज्जतीची व्युत्पत्ती अशीच लावली आहे: जिच्याकडे जायचे असते, जिचा उद्देश धरायचा असतो, ती हुज्जत. राजमार्गाला अरबीत 'महज्जा' म्हणतात, तोही याच कुळातला. वाट, यात्रा आणि प्रमाण या तिन्ही गोष्टी एका धातूत नांदताना पाहून मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

मग प्रमाणाचे भांडण कसे झाले? हा अर्थबदल मराठीने केला, असे काही जाणकार ठामपणे सांगतात. त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही, कारण उर्दू आणि हिंदीतही 'हुज्जत करना' म्हणजे वाद घालणे असाच अर्थ आहे आणि तिकडे डोळेझाक करून मराठीवर खापर फोडणे हा आळस आहे. माझे मत असे की हा बदल कचेरीत झाला. उस्मानी (तुर्कांच्या ऑटोमन) साम्राज्यातील काझींच्या दप्तरात 'हुज्जत' म्हणजे काझीने दिलेला लेखी दस्तऐवज. अशा कचेरीत, जिथे दोन्ही पक्ष आपापले प्रमाण पुढे करून हटून बसतात, तिथे ऐकणाऱ्याच्या कानी प्रमाण कमी आणि कलकलाट अधिक पडतो, आणि शब्द त्या कलकलाटालाच चिकटतो. 'तक्रार' या शब्दाचेही असेच झाले असावे. अरबीत त्याचा अर्थ केवळ पुनरुक्ती. तेच तेच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा सांगणाऱ्यांनी त्याला आजचा अर्थ दिला असे मी मानतो.

इस्लामच्या विद्यापरंपरेत मात्र हा शब्द मानाचा राहिला. थोर धर्मपंडित इमाम गझाली (मृत्यू 1111) यांना 'हुज्जतुल इस्लाम', म्हणजे इस्लामचे प्रमाण, ही पदवी आहे. तत्त्वज्ञांचे खंडन करण्यापूर्वी गझालींनी त्या तत्त्वज्ञांचीच मते एका स्वतंत्र ग्रंथात मांडली, कारण एखादे शास्त्र मुळापासून जाणल्याशिवाय त्याचे खंडन करणे म्हणजे अंधारात दगड मारणे, असे ते मानत. गणिताने सिद्ध झालेले ग्रहणाचे कारण धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचे अधिक नुकसान करतो, हेही त्यांनीच बजावले आहे.

आता पाश्चात्त्य संशोधनाला दिलेल्या उत्तरांकडे येतो. विल्यम म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने लिहिलेले पैगंबरांचे टीकात्मक चरित्र 1858 ते 1861 या काळात निघाले, तेव्हा सर सय्यद अहमद खान अतिशय व्यथित झाले. परंतु 1869 मध्ये ते लंडनला गेले, तेथील ग्रंथालयांत बसले आणि 1870 मध्ये आपले निबंध इंग्रजीतच प्रसिद्ध केले. त्यांचा एक मुख्य मुद्दा असा की म्यूर ज्या वाकिदी या जुन्या अरबी इतिहासकारावर विसंबले, त्याला हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली निवेदने, पारखणाऱ्या खुद्द मुस्लिम परीक्षकांनीच अविश्वसनीय ठरवले होते. पुढे 1950 मध्ये जोसेफ शाख्त या पाश्चात्त्य अभ्यासकांनी असे मांडले की कायदेविषयक हदीसांच्या इस्नाद, म्हणजे निवेदकांच्या साखळ्या, बहुतांशी नंतरच्या काळात मागे मागे जोडत नेलेल्या आहेत. (आपली 'सनद' आणि हा 'इस्नाद' एकाच धातूचे, हे जाता जाता सांगतो.) उत्तर प्रदेशातील मऊ येथे जन्मलेले, देवबंद आणि कैरोचे अल-अझहर या विद्यापीठांत शिकलेले मुहम्मद मुस्तफा आझमी यांनी 1966 मध्ये केंब्रिजच्या प्रबंधात हदीसांच्या आरंभकालीन लेखनाचे पुरावे मांडले. एकच हदीस दूरदूरच्या प्रदेशांतील निवेदकांकडे सापडते, मग या सर्वांनी संगनमत कधी आणि कसे केले, हा त्यांचा प्रश्न होता. शाख्त यांचे अनुयायी त्याने निरुत्तर झाले नाहीत आणि तो वाद अजून चालू आहे, पण तो पुराव्यांवर चालू आहे.

आता मूळ प्रश्न. 'प्रत्युत्तर' हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण प्रत्युत्तर शिवीलाही देता येते. आझमींच्या किंवा सर सय्यदांच्या लेखनाला 'खंडन' म्हणावे. 'हुज्जत' हा शब्द वापरायचाच असेल तर 'हुज्जत मांडली' असे लिहावे, 'घातली' असे नव्हे. समोरच्याचा ग्रंथ न वाचता त्याच्या हेतूवर चिखलफेक करणारे लेखन दोन्ही बाजूंना होते. आपला पक्ष सिद्ध न करता केवळ दुसऱ्याचा पाडणाऱ्या वादाला न्यायसूत्रांनी, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाने, 'वितंडा' हे नाव दिलेले आहे, आणि त्या लेखनाला तेच शोभते.