‘सी’ प्रमाणपत्र आणि अधिकारीपद: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून पहिल्या वर्षापासून एनसीसीत आहे. मला लष्करात अधिकारी व्हायचे आहे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळाले की लेखी परीक्षेशिवाय थेट भरती होते, असे वरच्या वर्गातील मुली सांगतात. परेड आणि शिबिरे यांमुळे माझी प्रात्यक्षिके बुडतात. मागच्या सत्रात एक विषयही राहिला. आता एनसीसी सोडून दे, असे घरचे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर: एनसीसी सोडू नका, हे आधीच सांगते. मात्र राहिलेला विषय पुढच्याच परीक्षेत सोडवा, कारण तुमच्या बाबतीत पदवी आणि गणवेश या दोन वेगळ्या वाटा नाहीत.

मैत्रिणींनी सांगितलेले अर्धे खरे आहे. लष्कराच्या ‘एनसीसी स्पेशल एंट्री’ या प्रवेशमार्गात लेखी परीक्षा नसते. परंतु सूट मिळते ती एवढीच. निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी कोणालाही चुकत नाही. शिवाय या मार्गासाठी ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला सरासरी किमान 50 टक्के गुण लागतात. अंतिम वर्षात असतानाही अर्ज करता येतो, पण तेव्हा आधीच्या वर्षांचे गुण याच निकषावर पाहिले जातात. बुडालेल्या प्रात्यक्षिकांची मला काळजी वाटते ती यामुळे. आपल्या एनसीसी अधिकारी प्राध्यापकांशी आणि विभागप्रमुखांशी एकाच वेळी बोला आणि शिबिराच्या तारखा कळताच प्रात्यक्षिकांची पर्यायी वेळ मागून घ्या. शिबिराहून परतल्यावर केलेली विनंती बहुधा उशिराची ठरते.

एकाच दारावर विसंबूही नका. संघ लोकसेवा आयोगाची सीडीएस, म्हणजे सैन्यदलांतील अधिकारी निवडण्यासाठीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ती देता येते. महिलांना या परीक्षेतून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रवेश मिळतो आणि त्या अकादमीसाठी गणिताची प्रश्नपत्रिका नसते. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे प्रत्येकी 100 गुणांचे दोनच पेपर असतात. रोज एक इंग्रजी वृत्तपत्र अग्रलेखासह वाचण्याची सवय आजपासून लावलीत, तर दोन्ही पेपरांची निम्मी तयारी कॉलेजात असतानाच होईल.

खरी कसोटी एसएसबीची, आणि तिच्याविषयी गैरसमजही सर्वांत जास्त. ती पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी चाळणी असते: बुद्धिमापनाच्या प्रश्नांनंतर एक अस्पष्ट चित्र 30 सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची. त्यात न टिकलेले उमेदवार त्याच दिवशी परततात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्यांत एकामागून एक 60 शब्द समोर येतात आणि प्रत्येक शब्दावर 15 सेकंदांत वाक्य लिहावे लागते. क्लासमधून पाठ करून आणलेली वाक्ये दहा-पंधरा शब्दांनंतर संपतात. त्यानंतर कागदावर उतरतो तो स्वतःचा स्वभाव. मैदानावर फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर देऊन सगळ्या गटाला अडथळा पार करायला सांगतात. तिथे सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या उमेदवारापेक्षा, दुसऱ्याची सूचना ऐकून फळीचे टोक धरणारी आणि मागे राहिलेल्याला हात देणारी मुलगी परीक्षकांच्या नजरेत भरते, असे माझे ठाम मत आहे.

हे गुण आठवड्याभराच्या क्लासने येत नाहीत, आणि एनसीसीचे मोल मला वाटते ते इथेच. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात पहाटे पीटीला उभे राहणे, तंबूतल्या आजारी मुलीचे काम वाटून घेणे, पॉइंट टू टू रायफलचा नेम चुकला की श्वास रोखून पुन्हा निशाणा साधणे, हे सारे तुम्ही आजही करत आहात. पण ते कोणी सांगितले म्हणून उरकू नका. पुढच्या शिबिरात एखादी जबाबदारी स्वतःहून मागून घ्या. मुलाखतीत तुम्हाला अशाच प्रसंगांविषयी विचारतील आणि तेव्हा सांगण्यासारखे काही हाताशी असले पाहिजे.

‘सी’च्या आधीचे ‘बी’ प्रमाणपत्र मिळाले की तिसऱ्या वर्षी परेडला येणे बंद करणाऱ्या मुली पाहून मला फार वाईट वाटते. ‘सी’ची परीक्षा तिसऱ्या वर्षानंतर असते आणि तिला बसण्यासाठी परेडची पुरेशी हजेरी लागते.

खर्चाच्या चिंतेने मागे हटू नका. नाशिक रोड येथील राज्य शासनाच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी निवास आणि भोजनासह विनामूल्य करून घेतली जाते. सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच ‘सी’ प्रमाणपत्रात ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणी मिळवून एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयाची शिफारस असलेल्यांना तिथे अर्ज करता येतो. निवड झाल्यावर चेन्नईतील प्रशिक्षण 49 आठवड्यांचे असते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. घरच्यांना हे सांगताना राहिलेल्या विषयाचे वेळापत्रकही सोबत दाखवा.