मोठ्या शहरात समकालीन कलेची प्रदर्शनं आणि लाईव्ह संगीत यांचा मनापासून आनंद कसा घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की शहरात आल्यापासून दर आठवड्याला काही ना काही बघता-ऐकता, पण दालनातून बाहेर पडताना हाती काही लागलंय असं वाटत नाही आणि मैफलीत अर्ध्या तासानं मन भरकटतं. ही कला कळायला आधी किती अभ्यास करावा लागतो, असंही विचारलंय. मला वाटतं, अभ्यास तुम्हाला अडवत नाहीये. मोठ्या शहरात एका वेळी इतकं काही चालू असतं की आपण सगळीकडे हजेरी लावत सुटतो आणि कुठेच पुरेसे थांबत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात, याचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला होता. सरासरी २७ सेकंद निघाली, आणि निम्मे प्रेक्षक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. तीही नावाजलेल्या चित्रांसमोर. समकालीन कलेत हे जास्तच महागात पडतं, कारण तिथे पुष्कळदा वेळ हेच कलाकृतीचं साहित्य असतं. ख्रिश्चन मार्क्लेची ‘द क्लॉक’ (२०१०) ही व्हिडिओ कलाकृती २४ तासांची आहे. हजारो चित्रपटांमधले घड्याळांचे नि वेळेच्या उल्लेखांचे तुकडे असे जोडलेत की पडद्यावरची वेळ आणि तुमच्या मनगटावरची वेळ एकच असते. मरीना अब्रामोविच ही कलाकार त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जवळजवळ अडीच महिने रोज खुर्चीवर निःशब्द बसून राहिली आणि समोरच्या खुर्चीवर प्रेक्षक एकेक करून येऊन बसत गेले. अशा कामांना अर्ध्या मिनिटात काय दिसणार?

मी काय करते ते सांगते. आधी सगळं प्रदर्शन न थांबता एकदा फिरून घेते. मग एकच कलाकृती निवडते आणि तिच्यापाशी निदान दहा मिनिटं राहते. ती आवडलेलीच असावी असं नाही, उलट खटकलेली कलाकृती बरेचदा जास्त देते. पहिली एक-दोन मिनिटं डोळे नुसती ओळख पटवतात: हा लोखंडी सांगाडा, हे कापड, ही वायर. मग कंटाळा येतो. बहुतेक लोक इथेच निघतात, आणि मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हेच, की या कंटाळ्यातून उठून जाऊ नका. त्यानंतरच दिसायला लागतं की कापड शिवलेलं नाही, नुसतं अडकवलंय. प्रकाश मुद्दाम खालून सोडलाय. आणि ते सगळं आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडं वर टांगल्यामुळे आपली मान आपोआप वर गेली आहे. मांडणशिल्प असेल तर त्याच्याभोवती फिरा, खाली बसून बघा. ते तुमच्या शरीरासाठी केलेलं असतं.

भिंतीवरची माहिती वाचावी का? जरूर वाचावी, पण आधी बघून मग. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचं १९९१ चं एक काम आहे: कोपऱ्यात रंगीबेरंगी कागदांतल्या गोळ्यांचा ढीग, आणि प्रेक्षकानं त्यातली गोळी उचलायची मुभा. ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. माणूस हसतो, गोळी तोंडात टाकतो. मग वाचतो की हे कलाकाराच्या जोडीदाराचं, रॉसचं व्यक्तिचित्र आहे, तो त्याच वर्षी एड्सनं गेला, आणि आपण उचललेल्या प्रत्येक गोळीनं ते शरीर घटत जातं. ढीग पुन्हा भरताही येतो. आधी फलक वाचला असता तर गोळी उचलताना हात कचरला असता, आणि तो निरागस गोडवा कामातून निघून गेला असता. तो गोडवा तर कलाकाराला हवाच होता.

आता कला आणि संगीत दोन्हींबद्दल एकत्र विचारलंय म्हणून जेनेट कार्डिफच्या ‘फॉर्टी पार्ट मोटेट’बद्दल (२००१) सांगायलाच हवं. थॉमस टॅलिस या सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराची चाळीस स्वतंत्र आवाजांसाठी बांधलेली एक रचना आहे. कार्डिफनं प्रत्येक गायकाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला आणि चाळीस स्पीकर माणसाच्या उंचीवर लंबगोलात उभे केले. मध्यभागी उभं राहिलं की गाण्याची लाट एका बाजूनं उठून दुसरीकडे जाते. एका स्पीकरला कान लावला की एकच माणूस गाताना ऐकू येतो, त्याचा श्वाससुद्धा. गाणं सुरू होण्याआधी गायक खोकतात, आपसात बोलतात, तेही ठेवलंय. एक फेरी चौदा मिनिटांची. प्रत्यक्ष मैफलीत गायकांच्या रांगेतून असं कुणी फिरू देत नाही. पण ऐकण्याची ही रीत मात्र कुठल्याही कार्यक्रमाला नेता येते: काही वेळ फक्त बेस गिटार किंवा फक्त ड्रमवाल्याचा डावा हात धरून ऐकायचं, मग सोडून देऊन सगळं एकदम ऐकायचं, पुन्हा एक वाद्य धरायचं. मन भरकटेलच. ते परत आलं की बसायला त्याला एक जागा ठरलेली असली म्हणजे झालं.

उभं कुठे राहायचं, यानं फार फरक पडतो. लाऊडस्पीकरवरच्या कार्यक्रमात साउंड इंजिनिअर जिथे मिक्सर घेऊन बसतो त्याच्या आसपास उभं राहा. तो तिथल्या कानांनीच सगळा आवाज जुळवत असतो. भिंतीला आणि कोपऱ्याला बेस साचतो, सगळं घुमायला लागतं. माइकविना वाजणारा मोठा वाद्यवृंद असेल तर अगदी पहिल्या रांगेत जवळची व्हायोलिनं बाकीच्यांना झाकून टाकतात, म्हणून थोडं मागे, शक्य तर वरच्या सज्जात बसा. वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुर्च्यांच्या गाद्या सभागृहात आणून-नेऊन मोजलं, की गाद्या आणि माणसांची शरीरं आवाज किती शोषतात. १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल त्याच्याच हिशोबावर उभं आहे. रिकाम्या सभागृहातलं संगीत आणि भरलेल्या सभागृहातलं संगीत खरोखर वेगळं असतं. तुम्ही तिथे बसल्यानं आवाज बदलतो, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

कान मात्र जपा. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी घातलेली मर्यादाही पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलचीच आहे. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण सारखाच कमी करतात, त्यामुळे गाणं मंद होतं, पण गढूळ होत नाही.

फोनबद्दल: २०१४ च्या एका प्रयोगात संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू कमी आठवल्या, पण ज्यांनी झूम करून एखादा बारकावा टिपला, त्यांची आठवण शाबूत राहिली. तेव्हा फोटो काढायचाच तर एका सांध्याचा, एका डागाचा काढा.

आणि मोठ्या शहराची खरी चैन वापरा, ती म्हणजे परत जाता येणं. खासगी गॅलऱ्यांमध्ये बहुधा प्रवेश विनामूल्य असतो आणि प्रदर्शन काही आठवडे चालतं. उद्घाटनाच्या गर्दीत चित्रांपेक्षा पाठीच जास्त दिसतात, म्हणून आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी जा, शक्यतो एकटे. तिथे दिवसभर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारा की लोक कुठे जास्त थांबतात. तो ते काम रोज बघत असतो आणि बहुधा मनापासून सांगतो. एखाद्या कलाकाराचं किंवा बँडचं काम भावलं, तर नवीन नाव शोधण्याआधी त्यांचंच पुढचं काम गाठा. सुरुवातीला दोन-तीनच नावांचा असा पाठलाग पुरे.