मारिओतला काळा किडा मरत का नाही?

प्रश्न: राजकन्या सोडवली आणि मारिओ परत सुरू केला तर पहिल्याच लेव्हलला तपकिरी गुम्बा (ते मशरूमसारखे छोटे शत्रू) गायब, सगळीकडे काळे टणक किडे, फायरबॉल मारला तरी ढिम्म! कॅसेट बिघडली का?

उत्तर: छे हो, कॅसेट ठणठणीत आहे. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये गेम एकदा संपवला की दुसरी, अवघड फेरी लागते, तिच्यात गुम्बाच्या जागी बझी बीटल, म्हणजे तुमचे हे काळे किडे, येतात आणि शत्रू चालतातही जोरात. कवचावर फायरबॉल फुकट जातो, सरळ डोक्यावर उडी मारा, तो कवचात शिरला की लाथ घाला, पुढचे पटापट उडतात, फक्त कवच पाइपला आपटून उलटं अंगावर येतं तेव्हा बाजूला व्हा, बरेच जण तिथंच मरतात. थोडा वेळ अजिंक्य करणारी चांदणी मिळाली असेल तर नुसतं घुसा.