शेल्टी घरी आणण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझी खरेदीची यादी पाहिली. बिछाना, भांडी, क्रेट (झोपायचा पिंजरा), खेळणी सगळं आहे, आणि ते एका दुपारी उरकेल. पण पहिल्यांदाच शेल्टी, म्हणजे शेटलँड शीपडॉग जातीचा कुत्रा, आणणाऱ्याने आधी ठरवायची गोष्ट वेगळीच असते: घरात भुंकणं किती खपेल, आणि ते चालू असताना तुझा आवाज शांत राहील का.

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलँड बेटांवर ही कुत्री राखणीला आणि मेंढरं हाकायला होती. काही हललं, कुणी आलं, कळपातलं एखादं जनावर भरकटलं की ओरडून सांगायचं, हे त्यांचं कामच. दारावरची बेल, शेजाऱ्याची पावलं, खिडकीबाहेरची मांजर, धावणारं पोर, सायकल या सगळ्यांची खबर शेल्टी तुला देणारच. ‘भुंकणं कसं बंद करू’ असं विचारत राहिलास तर वर्षभरात दोघंही वैतागाल. ‘खबर पोचली, आता पुरे’ हे त्याला शिकवता येतं.

ते असं शिकव. तो भुंकला की जागेवरून ओरडू नकोस. तूही भुंकायला सामील झालास असंच त्याला वाटतं. उठून त्याच्यापाशी जा, ठरलेला एकच शब्द साध्या आवाजात म्हण आणि खाऊ नाकाशी धर. वास घेताना तोंड मिटतं. दोन सेकंद शांत राहिला की खाऊ दे. मग पाच सेकंद, मग दहा. बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू लावायचा आणि रोज थोडाथोडा वाढवायचा. दिवसभर रस्त्याकडे बघून भुंकत असेल तर काचेच्या खालच्या भागाला धूसर फिल्म लाव. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा मात्र या जातीला चुकूनही नको. शेल्टी मुळात हळवा असतो. भुंकणं थांबेलही, पण बेल वाजली की तो पलंगाखाली जाऊन बसायला लागेल.

आता ब्रीडर, म्हणजे पिल्लं जन्माला घालून विकणारा. पिल्लू बघायला जाण्याआधी फोनवरच आई-बापाच्या तपासण्या विचार: डोळ्यांचा रिपोर्ट, खुब्याच्या सांध्याचा एक्सरे, थायरॉइड, रक्त न गोठण्याच्या व्हॉन विलेब्रँड आजाराची चाचणी आणि एमडीआर१ ही जनुकीय चाचणी. ‘आमची कुत्री एकदम हेल्दी आहेत’ हे उत्तर नव्हे, कागद मागायचा. पिल्लांचे डोळे सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान तपासलेले हवेत. कोली आय अ‍ॅनॉमली या आनुवंशिक दोषाची सौम्य खूण पुढे डोळ्यात रंगद्रव्य भरलं की झाकली जाते, आणि उशिरा तपासलं तर डोळा निर्दोष दिसतो. पिल्लू निळसर ठिपक्यांचं, म्हणजे मर्ल असेल तर दुसरा पालक कोणत्या रंगाचा ते विचार. मर्ल-मर्ल जोडीच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा डबल मर्ल (आई-बाप दोघांकडून मर्लचं जनुक आलेला) निघतो, आणि त्यांच्यात बहिरेपणा व आंधळेपणाचं प्रमाण मोठं असतं. अशी जोडी मुद्दाम लावणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, भले तुझ्या वाट्याचं पिल्लू ठणठणीत का असेना.

आईला भेटल्याशिवाय पिल्लू ठरवू नकोस. परक्या माणसाशी शेल्टी जरा अंतर राखून वागतो, ते चालतं. पण आई दहा-पंधरा मिनिटांनीही कोपऱ्यातून बाहेर येत नसेल, थरथरत असेल, तर पिल्लं कितीही गोड असोत, परत फिर. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू द्यायला निघालेल्यालाही नमस्कार. उंचीची फार काळजी करू नकोस: अमेरिकन मानकात खांद्यापाशी १३ ते १६ इंच धरतात, पण काही पिल्लं त्याच्या वर जातात. कुत्र्यांच्या शोमध्ये ते चालत नाही, घरात काही बिघडत नाही.

एमडीआर१बद्दल सविस्तर लिहितो, कारण यात जीव जाऊ शकतो. काही शेल्टींमध्ये या जनुकातल्या दोषामुळे ठरावीक औषधं मेंदूत शिरतात आणि तिथे साठतात. खरजेसाठी दिलं जाणारं जास्त डोसाचं आयव्हरमेक्टिन, माणसांच्या जुलाबावरचं लोपेरामाइड आणि कॅन्सरवरची काही औषधं या यादीत येतात. गुंगीच्या एसप्रोमाझिन आणि ब्युटोर्फेनॉल या औषधांचा डोसही कमी करावा लागतो. बाहुल्या मोठ्या होणं, झोकांड्या, लाळ, दिसेनासं होणं आणि शेवटी बेशुद्धी, अशी लक्षणं असतात. हार्टवर्म (हृदयात होणारे जंत) टाळण्याच्या गोळीतला आयव्हरमेक्टिनचा डोस फार कमी असतो, तो अशा कुत्र्यालाही चालतो. पण गुराढोरांचं औषध अंदाजाने देणं म्हणजे जिवाशी खेळ. ते औषध नुकतंच दिलेल्या घोड्या-मेंढ्यांचं शेणसुद्धा त्याने खाता कामा नये. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात, चाचणी आयुष्यात एकदाच करायची. निकाल डॉक्टरांच्या फाइलवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घे. निकाल येईपर्यंत दोष आहे असंच धरून चाल.

केसांना लोक उगाच घाबरतात. बाहेरचे केस लांब आणि राठ, आत लोकरीसारखा दाट थर. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं दिलीस तर पुरतं. वर्षातून दोनदा आतला थर गळतो तेव्हा रोज. चूक एकच होते: वरवर ब्रश फिरवायचा. वरून कुत्रा झकास दिसतो आणि कातडीजवळ केसांचा घट्ट नमदा तयार होत असतो. त्याला कुशीवर झोपव, केसांवर पाण्याचा हलका फवारा मार (कोरडे केस तुटतात), डाव्या हाताने केस वर उचलून धर आणि खालून एक ओळ सोडून कातडीपासून बाहेर पिन ब्रश ने. मग दोन बोटं वर पुढची ओळ. पोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत असं जायचं. शेवटी धातूचा कंगवा फिरव. तो कुठे अडला नाही तरच काम झालं. कानामागचे रेशमी केस, काखा आणि मांड्यांमागची झालर इथे जटा हमखास होतात. जटेत चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळून बोटांनी ती टोकाकडून सोडव. आंघोळीआधी जटा सुटलेल्या हव्यात, पाण्याने त्या आवळतात. आंघोळीनंतर कातडीपर्यंत कोरडं कर, नाहीतर आत ओल राहून कातडीवर चट्टे उठतात. उन्हाळा आला म्हणून मशीन फिरवू नकोस. हाच थर उन्हापासूनही वाचवतो, आणि भादरल्यावर केस कधीकधी ठिगळ लावल्यासारखे परत येतात, कधी नीट येतच नाहीत.

याच केसांमुळे वजन नजरेला दिसत नाही. दर आठवड्याला तळहात बरगड्यांवर फिरव: हलक्या दाबाने बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. शिकवण्याचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांत बसव. या जातीत रक्तातली चरबी वाढण्याचा आणि पित्ताशयात चिकट थर साचण्याचा कल आहे, म्हणून ताटातलं तेलकट-तुपकट नकोच.

यादीतला साधा गळपट्टा खोड. शेल्टीचं डोकं निमुळतं आणि मानेवर आयाळ; घाबरून मागे सरकला की पट्टा डोक्यावरून अलगद निघतो आणि कुत्रा रस्त्यावर. अंगाला बसणारा हार्नेस घे, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल.

चालणाऱ्या गाड्यांमागे धावणं ही या जातीची सर्वांत धोकादायक खोड. झेप घेतल्यावर ओढून उपयोग नाही. त्याआधी दोन-तीन सेकंद त्याचं शरीर सांगत असतं: नजर एका जागी खिळते, मान खाली जाते, एक पुढचा पाय हवेतच थांबतो. त्याच क्षणी नाव घेऊन वळायचं आणि वळला की खाऊ. मुलांच्या टाचांना तोंड लावतो तेही हाकण्याचंच काम. पळणारी मुलं म्हणजे त्याच्या लेखी कळप, म्हणून मुलांना जागीच थांबायला शिकव. ती थांबली की खेळ संपतो.

पिल्लाचे ८ ते १४ आठवडे सोन्याचे. लसी पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून घरात कोंडू नकोस. कडेवर घेऊन बाहेर जा, परक्या कुत्र्यांच्या वावराच्या जमिनीवर तेवढं ठेवू नकोस. टोपीवाला माणूस, छत्री, व्हॅक्युम क्लीनर, लहान मुलांचा गलका हे सगळं लांबून, खाऊ चघळत दाखव. पाहुण्याला सांग, डोक्यावरून हात आणायचा नाही. बाजूला बसून खाऊ जमिनीवर टाकायचा. जवळ जायचं की नाही ते पिल्लू ठरवेल.

पहिल्या रात्री क्रेट तुझ्या पलंगालगत ठेव. ब्रीडरकडून आईच्या वासाचं एक फडकं आण, आणि निदान दहा दिवस पुरेल इतकं तिथलंच खाणं आण. बदलायचं असेल तर रोज थोडं नवं मिसळत सात-आठ दिवसांत बदल. तरी पोट बिघडलं तर डॉक्टरांना फोन. घरातल्या डब्यातली जुलाबाची गोळी का द्यायची नाही ते वर लिहिलंच आहे.

ब्रीडरने रिपोर्ट पाठवले की मलाही पाठव. आई-बाप दोघांचे हवेत, आणि त्यावर कुत्र्याचा मायक्रोचिप नंबर असलेले.