पालखी दारावरून पुढे गेली

शिमगा संपला की आमच्याकडे गावकी (गावाची पंचसभा) आणि वाळीत टाकणं याबद्दलची पत्रं यायला लागतात. यंदा तीन आली. एका पत्रातल्या मजकुरावरून गाव आणि घर दोन्ही ओळखता येईल, म्हणून त्यांना पोस्टाने उत्तर पाठवलंय. उरलेली दोन इथे घेते. शेवटी एक हलकाफुलका प्रश्नही आहे.

प्रश्न : ताई, आमचं गाव दक्षिण रायगडात. दोन वर्षांपूर्वी गावकीच्या बैठकीत माझ्या धाकट्या भावाने देवळाच्या बांधकामाचा हिशोब मागितला. गावाचा अपमान केला म्हणून पंचांनी अकरा हजार दंड लावला आणि नारळ ठेवून माफी मागायला सांगितलं. भाऊ नाही म्हणाला. तेव्हापासून आमची दोन्ही घरं वाळीत आहेत. आमच्याशी बोलेल त्याला दंड. गिरणीवाला दळण घेत नाही, आईला भजनात बसू देत नाहीत. यंदा पालखी आमच्या दारावरून पुढे गेली. आई ताट घेऊन पायरीवर उभी होती. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, गावातलं गावात मिटवा. तक्रार केली तर गाव कायमचं तुटेल असं वाटतं. दंड भरून मोकळं व्हावं का?
— एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : दादा, दंड भरू नका. कारण सांगते, पण आधी माझ्या घरचं सांगते.

मी नऊ वर्षांची असताना आमचं घर सात महिने वाळीत होतं. वडिलांचा गुन्हा एवढाच, की वाळीत टाकलेल्या चुलत्याच्या मयताला त्यांनी खांदा दिला. शेजारची काकू रोज आमच्या विळीवर नारळ खवायला यायची. ती अंगणातून जाताना पदर पुढे ओढून जायला लागली. तिचा आमच्यावर राग नव्हता, तिला दंडाची धास्ती होती. लहान मुलाला हा फरक कळत नाही. मला तो वकिली सुरू केल्यावर कळला. वडिलांनी शेवटी एकशे एक रुपये भरले आणि काकू दुसऱ्या दिवशी खोबरं खवायला आली. पण त्यानंतर वडील गावकीच्या बैठकीत कधी तोंड उघडून बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्ही अकरा हजार भरलेत तर ती तुमच्या भावाच्या गप्प बसण्याची किंमत असेल, आणि देवळाचा हिशोब कुणीच पुन्हा मागणार नाही.

आता कायद्याचं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे. विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कारासाठी बैठक भरवणारा आणि त्या बैठकीत भाग घेणारा, दोघेही त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे 'एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतो' हे उत्तर चालत नाही आणि 'गावात मिटवा' हे तर नाहीच.

तक्रार लिहिताना 'आम्हाला वाळीत टाकलं' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या तारखेला, कुणाच्या पडवीत बैठक झाली, कोण काय बोललं, दळण कधी परत पाठवलं, भजनातून आईला कुणी उठवलं, पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या सांगण्यावरून पुढे नेली, हे एकेक लिहा. व्हॉट्सॲपवर 'यांच्याशी कोणी संबंध ठेवू नये' असं काही आलं असेल तर ते पुसू नका. एक प्रत ठाण्यात द्या, दुसरीवर पोच घ्या. घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकिलाच्या फीची काळजी असेल तर आईच्या नावाने तक्रार द्या. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते.

आणि गावकीच्या वहीचा उल्लेख नक्की करा. ही वही मी पहिल्यांदा हातात घेतली ती एका खटल्यात. लाल कापडी बांधणीची, कडा तेलकट, आत दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन. एका पानावर सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा-साखरेचा हिशोब, आणि त्याच्याच खाली त्याच अक्षरात, 'अमुक यांस बोलल्याबद्दल रु. ५०१ दंड, जमा. माफी मागितली. नारळ दिला.' लिहिणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, कारण आपण गुन्हा लिहून ठेवतोय हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी पाहिलेल्या साक्षीदारांत या वहीइतका प्रामाणिक साक्षीदार मला भेटलेला नाही. तुम्ही मात्र ती हिसकावायला जाऊ नका. ती कुणाकडे असते तेवढं तक्रारीत लिहा, जप्त करायचं काम पोलिसांचं.

गाव कायमचं तुटेल ही तुमची भीती मला खोटी वाटत नाही. पण याच कायद्यात तडजोडीलाही जागा आहे. पीडित माणूस राजी असेल आणि कोर्टाने परवानगी दिली तर प्रकरण मिटवता येतं. म्हणजे मिटवायचंच असेल तर ते कोर्टासमोर, बरोबरीने उभं राहून. देवळाच्या पायरीवर नारळ ठेवून नव्हे.

एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही. ठाण्यात एकटे जाऊ नका. कायदा लागू झाल्यानंतरच्याच एका पावसाळ्यात, वाळीत टाकलेल्या घरातली म्हातारी गेली. घरात पुरुष दोन, त्यातला एक पायाने अधू. गावकीचं मयताचं सामान देवळामागच्या खोलीत कुलपात. सकाळी आठला फोन आला आणि तालुक्याहून आम्ही सहाजण निघालो : एक निवृत्त गुरुजी, एक रिक्षावाला, कॉलेजची दोन मुलं, पतपेढीतला शिपाई आणि मी. बांबू, सुंभ, मडकं सगळं टेम्पोत घालून नेलं. गुरुजींना तिरडी बांधता येत होती, बाकी आम्ही नुसते धरायला. चिता पेटता पेटेना, दुपारचे दोन वाजले. परतताना गावातल्या पहिल्या घरातून एक बाई बाहेर आली, आमच्याकडे न बघता पाण्याची कळशी पायरीवर ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही हातपाय धुतले. पुढे खटल्यात ती बाई साक्षीला आली नाही, पण तिचा मुलगा आला.

तेव्हा तुमच्या तालुक्यात असे चार-सहाजण शोधा. असतात. ग्रंथालयात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीत, महिला मंडळात, बार रूममध्ये सुद्धा. पण एक इशारा : पहिल्याच भेटीत वर्तमानपत्रवाला आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आमच्याकडच्या एका कुटुंबाचा असाच पहिल्या पानावर फोटो आला. फोटो काढवून घेणारा पुन्हा फिरकला नाही, आणि गावाला राग धरायला आणखी एक निमित्त मिळालं.

प्रश्न : तुमचं सदर वाचतो. मी परळला राहतो, मूळ गाव महाडकडे. आमच्या गावची पाखाडी (दगडी पायवाट) गावकीने बांधली, विहिरीचा गाळ गावकीने काढला, कोणी मेलं तर पहिले गावकीच धावते. सरकार कुठे होतं? लोकांनी एकत्र येऊन काम करणं म्हणजेच लोकशाही असं तुम्हीच लिहिता. मग तुमच्या संस्था चांगल्या आणि आमची गावकी वाईट, हे कोणी ठरवलं? आणि कायदा झालाय तर त्याचं काम पोलीस-कोर्ट बघतील, मध्ये संस्था कशाला?
— एक चाकरमानी

उत्तर : रागावून लिहिलंय, पण प्रश्न चांगला आहे. पहिलं अर्धं मला पूर्ण मान्य. माझ्या माहेरची पाखाडीही गावकीचीच. सरकारच्या आधीपासून माणसं एकमेकांचं मयत उचलत आली आहेत. गावकी ही लोकांची संस्था आहेच, नाही कोण म्हणतं?

मी फक्त एकच बघते. त्या संस्थेला 'नाही' म्हटल्यावर संध्याकाळी घरात पाणी येतं का? महिला मंडळाची वर्गणी मी भरली नाही तर फार तर हळदीकुंकवाला बोलावणार नाहीत. गावकीला नाही म्हटलं तर माझं दळण बंद, आणि मी मेले तर खांदा बंद. जी संस्था सोडता येत नाही, ती कितीही पाखाड्या बांधो, तिच्या बैठकीत हात वर करणाऱ्याच्या मनात काय आहे ते कुणालाच कळत नाही. तुमच्या गावकीत एखादा ठराव शेवटचा नामंजूर कधी झाला, ते आठवून बघा.

राहिला प्रश्न कायदा असताना संस्था कशाला. हा कायदा आला कसा ते बघा. तुम्ही महाडकडचे आहात म्हणून तिथूनच सुरू करते. १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं, आणि पाण्याला हात लावणाऱ्यांना गावोगाव काय सोसावं लागलं ते तुमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेलं असेल. लाठीचा वार अंगावर दिसतो; काम न देणं, दुकानात माल न देणं दिसत नाही. डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली, तीत बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी होती. घर-जमीन भाड्याने न देणं, व्यवहार न करणं, कामाला न ठेवणं अशी त्याची व्याख्याच त्यांनी दिली होती. आधार घेतला होता ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. वकिलाचं काम म्हणून मला ते फार आवडतं. नुसतं दुःख सांगून ते थांबले नाहीत, तयार मसुदा पुढे ठेवला.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरवला. धार्मिक समाजाला स्वतःचा धर्मव्यवहार पाहण्याचा हक्क आहे, हे कारण. सरन्यायाधीश सिन्हा या निकालाशी सहमत नव्हते. त्यानंतर अर्धशतक महाराष्ट्रात या विषयावर वेगळा कायदा नव्हता. दलित-आदिवासींसाठी ॲट्रॉसिटी कायदा आला, पण जातीच्या आतल्या आत टाकलेल्या बहिष्काराचं काय? पोलिसांत गेलं की 'हा कुठल्या कलमात बसवू?' हेच ऐकायचं. मी ते स्वतः ऐकलंय, पुष्कळदा.

२०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्याच वडिलांनी खून केला. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान हाती घेतलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. अभियान थांबलं नाही. कार्यकर्ते गावोगाव जाऊन तक्रारी लिहून घेत राहिले आणि पंचांशीही बोलत राहिले. काही जातपंचायती पंचांनी स्वतःहून बरखास्त केल्या, त्याचं श्रेय मी त्या पंचांनाही देते. तोंडी रडगाण्याची लेखी प्रकरणं झाली, फायलीत साठली, आणि तेव्हा कुठे विधिमंडळाला म्हणता आलं की हा प्रश्न आहे. पोलीस-कोर्टाने हे काम केलं असतं का? त्यांच्याकडे तक्रारच पोचत नव्हती.

मात्र तुमचा एक टोला मी घेते. संस्थांनाही पंच व्हायची हौस असते. 'आमच्याकडे या, आम्ही दोन्ही बाजूंना बसवून मिटवतो' असं म्हणणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या ऑफिसातही वही होती. निकाल द्यायचा तो कोर्टाने. आम्ही त्या दारापर्यंत सोबत करायची.

प्रश्न : नणंदेने तिच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं नाही. शिवाय दोन दिरांना 'वहिनीकडे जात जाऊ नका' असं सांगते. हा सामाजिक बहिष्कार होतो का? होत असेल तर कलम सांगा.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही होत, ताई. कुणाला बोलवायचं, कुणाशी अबोला धरायचा, हे ज्याचं त्याचं. कायदा लागतो तो समाजाच्या किंवा जातीच्या नावाने, दुसऱ्यांनाही बंधन घालून तोडलं तर. नणंदेने जातीचे पंच बसवून दिरांना दंड ठोठावला असता तर मी कलम काढून दिलं असतं. ती नुसती फणफणत असेल तर फणफणू द्या. आहेराचं पाकीट वाचलं, त्यात दिरांना जेवायला बोलवा. येतात की नाही ते मलाही कळवा.