वाचकांचे प्रश्न : मधुमेह, मोतीबिंदू आणि उंदरांवरचे थेंब

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि मोतीबिंदूची सुरुवात झाली आहे. अँटिऑक्सिडंट थेंबांनी मधुमेही उंदरांतला मोतीबिंदू लांबला, असे वाचले. असे थेंब घालावेत का?

उत्तर : घालू नका. त्या प्रयोगांत थेंब सुरू होतात तेव्हा डोळ्यातले भिंग बहुधा स्वच्छच असते. रॅटला, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराला, स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात, दोन-तीन दिवसांत साखर चढते आणि त्याच सुमारास थेंब चालू करतात. तुमच्या भिंगातली काही प्रथिने आधीच एकमेकांना चिकटली आहेत. ती गुठळी अँटिऑक्सिडंटने सुटत नाही.

शिवाय रॅटचे भिंगच वेगळे. त्यात अल्डोज रिडक्टेज हे एन्झाइम भरपूर असते. ते ग्लुकोजचे सॉर्बिटॉल करते. सॉर्बिटॉल पेशीबाहेर सहज पडत नाही, पाणी ओढते आणि भिंगाचे तंतू फुगतात. या कामात पेशीतले एनएडीपीएच हे मदतनीस रसायन खर्ची पडते, मग ग्लुटाथायोन, म्हणजे भिंगाचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट, पुन्हा कामाला लावायला ते पुरत नाही. अँटिऑक्सिडंटचा आधार मिळतो तो इथे. माउसच्या, म्हणजे छोट्या उंदराच्या, भिंगात अल्डोज रिडक्टेज फारच कमी, म्हणून साखर चढूनही त्याला असा मोतीबिंदू सहसा होत नाही. माणसातही ते रॅटपेक्षा बरेच कमी असते.

एन-असिटिलकार्नोसिन या अँटिऑक्सिडंटचे थेंब माणसांसाठी विकले जातात खरे, पण २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) त्यांच्या उपयोगाचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. साखर आटोक्यात ठेवा, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. साखर वर-खाली होत असताना चष्म्याचा नंबर मात्र काढू नका. तो बदलत राहतो.

प्रश्न : संशोधनात एका डोळ्यात औषध आणि दुसऱ्यात सलाइन, अशी तुलना चालेल का?

उत्तर : टाळावी. थेंबातले पाच टक्क्यांहूनही कमी औषध कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, आत जाते. बरेचसे अश्रुनलिकेतून नाकात उतरते, रक्तात मिसळते आणि दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोहोचू शकते. तुलनेसाठी वेगळे प्राणी घ्या. त्यांना नुसते सलाइन नको. औषध वगळून बाकी तेच द्रावण द्या, तोच पीएच, तेच प्रिझर्व्हेटिव्ह. रॅटच्या डोळ्याला ५ ते १० मायक्रोलिटर पुरते, जास्तीचे ओघळते आणि प्राणी ते चाटतो.

दोन्ही गटांची रक्तशर्करा आणि वजन नियमित नोंदवा. औषधगटाची साखरच कमी निघाली, तर भिंग कशाने वाचले ते सांगता येणार नाही. आणखी एक, केटामिन-झायलाझिनच्या भुलीत डोळे उघडे राहून कोरडे पडले की भिंग तात्पुरते पांढरे होते. नवख्यांकडून हाच मोतीबिंदू म्हणून नोंदला जातो. भूल देताच डोळ्यांवर वंगण-जेल लावा, स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहण्याआधी ते पुसा, आणि शंका आली तर भूल उतरल्यावर पुन्हा पाहा.