फील्डवर्कचा शिक्का विकत मिळतो का?

निकाल लागले की माझ्याकडे येणारी पत्रं दरवर्षी तीच असतात, फक्त गावांची नावं बदलतात. समाजकार्य घेऊ की मानसशास्त्र? काउन्सेलर व्हायला किती दिवस लागतात? यंदाही निम्म्या पत्रांत ‘कुणीतरी सांगितलं’ आहेच. फी भरताना हा कुणीतरी कुठे असतो, हे मला अजून कळलेलं नाही.

बारावी कॉमर्स झालंय. बीएसडब्ल्यूला चालेल का? (देवगड)

चालतं, बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, बहुतेक ठिकाणी शाखेची अट नसते. तारखा कॉलेजातच विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

मला हर्णैजवळच्या आमच्या वाडीतच काम करायचंय. दारू, घरातली भांडणं, चाकरमानी नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या बायका. बीए मानसशास्त्र करू की समाजकार्य? (दापोली)

जून-जुलैत मासेमारी बंद असते. हातात पैसा नाही, उचल फिटलेली नाही, अशा वेळी घरात भांडण पेटलं तर ते नुसतं स्वभावाचं नसतं आणि नुसतं पैशाचंही नसतं. मन आणि परिस्थिती एकत्र वाचायला शिकवणारा अभ्यास तो मनोसामाजिक. आपल्याकडे तो बहुतेक समाजकार्याच्या अभ्यासक्रमातच शिकवतात. वाडीत काम करायचं असेल तर माझा कौल समाजकार्याला. मानसशास्त्राचे पेपर जोडून घेता आले तर उत्तम. नुसतं बीए मानसशास्त्र करून कुणी उपचार करू शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. दोन्हीकडचा अभ्यासक्रम आणा आणि शिकवणाऱ्या एकाशी तरी बोलून मग ठरवा.

घरी बसून ऑनलाइन एमए मानसशास्त्र करता येईल? (खेड)

नाही. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. ‘शेवटच्या दोन जागा’ म्हणून कुणाचा फोन आला तर आधी यूजीसीचं संकेतस्थळ उघडा.

पतसंस्थेत नोकरी करतो. एक संस्था म्हणते, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करा, फील्डवर्कला यायला नको, हजेरी आणि अहवालावर शिक्का आम्ही मिळवून देतो. फील्डवर्क म्हणजे शिबिरात खुर्च्या लावणंच ना? (चिपळूण)

हा प्रवेश घेऊ नका.

आता सविस्तर, कारण या एका गोष्टीवर माझा जीव जळतो. समाजकार्याच्या नियमित अभ्यासक्रमात आठवड्याचे साधारण दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, शाळेत, दवाखान्यात किंवा संस्थेत असतो. कुणाला भेटलो, काय बोललो, कुठे अडलो हे लिहून आणतो. ते वाचून सुपरवायझर त्याला समोर बसवून विचारतो: त्या बाईने विषय बदलला तेव्हा तू काय केलंस? तिच्या वतीने निर्णय तू का घेतलास? हे विचारणारं माणूस नसेल तर दोन वर्षांत फक्त चुकांची सवय लागते. खाडीच्या मुखातून होडी कशी काढायची हे तांडेल पोराला शेजारी बसवून शिकवतो, तसंच हे.

तुम्ही चिपळूणचे, म्हणून २२ जुलै २०२१ची आठवण देते. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर गाळ काढणाऱ्या हातांची गरज होती. पंचनामा, विम्याचे कागद, औषधं, कोरडी जागा यांची होती. अशा वेळी वही घेऊन दारोदार ‘त्या रात्री काय वाटलं, मोकळं व्हा’ म्हणत फिरणं ही मदत नव्हे. आपत्तीतल्या मनोसामाजिक मदतीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००७पासून उपलब्ध आहेत. त्यांत मदतीचे चार थर सांगितले आहेत: तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब आणि गावाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्त्याची नेमकी मदत, आणि सगळ्यात वर, थोड्यांनाच लागणारे तज्ज्ञांचे उपचार. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही हेच सांगते: पाहा, ऐका, योग्य जागी जोडून द्या, बोलायची सक्ती करू नका. वाचायला अर्धा तास पुरतो. समोर रडणारं माणूस असताना गप्प बसणं मात्र कुणाच्या तरी नजरेखाली शिकावं लागतं. शिक्का विकणारा तुम्हाला नेमकं तेवढंच देत नाही, आणि त्याची किंमत पुढे तुमच्याकडे मदतीला येणारी बाई मोजते.

खुर्च्याही लावाव्या लागतात. त्यात कमीपणा नाही.

कॉलेजला तीन गोष्टी विचारा: सुपरवायझर कोण, तो किती दिवसांनी भेटतो, मुलांना कोणत्या संस्थांत पाठवता. मग त्यातल्या एका संस्थेत स्वतः जाऊन खात्री करा. नोकरीत सवलत मिळते का, तेही विचारा. नसेल तर एक वर्ष थांबलेलं बरं.

मुलीचं फील्डवर्क मनोरुग्णालयात लागलंय. शेजारी म्हणतात, तिच्यावर परिणाम होईल. (रत्नागिरी)

मनोविकार संसर्गाने होत नाहीत. शेजाऱ्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. मुलीला ताण जाणवला तर तिने सुपरवायझरशी बोलावं.

शाळेत फील्डवर्क करते. एका मुलीने नातेवाइकाकडून होणाऱ्या लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं आणि कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं. दोन आठवडे झाले, काय करू? (नाव-गाव छापत नाही)

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलं. इथे छापते ते इतरांसाठी. दोन आठवडे थांबायचंच नव्हतं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२, कलम १९: अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा. गोपनीयतेचं वचन इथे चालत नाही, म्हणून मुलांना ते आधी देऊच नये. सुपरवायझरला लगेच सांगा. ते भेटले नाहीत तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस. मुलीला खोदून खोदून विचारू नका. मुख्याध्यापकांनी ‘शाळेचं नाव’ म्हटलं तरी थांबू नका.

एजंट म्हणतो, लंडनमध्ये सायकोसोशल स्टडीज (मनोसामाजिक अभ्यास) केलं की तिथे सोशल वर्करची नोकरी, इथे परतल्यावर काउन्सेलर. बागेवर कर्ज काढू का? (मालवण)

विषय खरा आहे, एजंटचं गणित खोटं. ईस्ट लंडन विद्यापीठ आणि बर्कबेक ही त्या विषयातली ओळखीची नावं. मनोविश्लेषण, समाजशास्त्र, वंश, वर्ग असं बरंच त्यात एकत्र येतं. पण इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे. सोशल वर्क इंग्लंड या नियामकाने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. त्या मान्य यादीत तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव दाखव, असं एजंटला सांगा. विद्यापीठाला स्वतः ईमेल करा, एजंटच्या पत्त्यावरून नको. बागेवर कर्ज काढायचं असेल तर त्याआधी घरच्यांशी आणि बँकेशीही बोला.

मी अंगणवाडी सेविका, वय ४३. आता शिकता येईल का? (राजापूर)

येईल. पदवी आहे की नाही ते लिहिलेलं नाही. नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून आधी ती करा, मग एमएसडब्ल्यू. अंगणवाडीतली वर्षं फील्डवर्क म्हणून धरतील असं गृहीत धरू नका. कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या. आणि रजेचं पर्यवेक्षिकेशी आत्ताच बोलून ठेवा.